ग्राउंड केबल बदलली आणि घरघर निम्मी झाली. आता पूर्ण सेट घ्यावा का?

मंद्रषड्ज
मंडळी, जरा लांबड लावतोय. अर्धवट लिहिलं की उलटे प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकतो.

माझ्याकडे बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आहे, ॲल्युमिनियमच्या जाड प्लेटचं. त्यावर ०.४ मिलिव्होल्टचं एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज, म्हणजे सुई आणि तिच्या हालचालीतून सिग्नल काढणाऱ्या बारीक कॉइल. पुढे फोनो स्टेज (कार्ट्रिजचा दुबळा सिग्नल वाढवणारा, त्याचा पॉवर सप्लाय वेगळ्या डब्यात), व्हॉल्व्हचा प्रीॲम्प, दोन मोनोब्लॉक (एकेका स्पीकरचा वेगळा ॲम्प). शिवाय नेटवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर आणि डिजिटलचं ॲनालॉग करणारा डॅक. प्रीॲम्पपर्यंत सगळं आरसीएवर (मध्ये एक तार, भोवती शिल्ड), तिथून मोनोब्लॉकला एक्सएलआर (तीन पिनी, बॅलन्स्ड).

दुखणं असं, की सुई वर असतानाच स्पीकरमधून खर्जातला षड्ज सुरू होतो. बायको म्हणते, तानपुऱ्याचे पैसे वाचले. व्हॉल्यूमचा काटा बारावर नेला की खुर्चीत बसूनही ऐकू येतो. डॅकचं इनपुट लावलं की चिडीचूप. म्हणजे भानगड फोनोच्या बाजूलाच.

पंधरा दिवसांपूर्वी टर्नटेबलबरोबर आलेली सुतळीसारखी ग्राउंड वायर काढून चांदीचा मुलामा असलेली ४ चौरस मिलिमीटरची केबल लावली. घरघर निदान निम्म्यावर आली. खरंच आली, मनाचे खेळ नाहीत. वरचा तो झर्रर्र आवाज जवळजवळ गेला, खालचा घूंऽऽ राहिला.

आता तोंडाला रक्त लागलंय. त्याच मालिकेत सहा केबल आणि एक ग्राउंडिंग बॉक्स येतो, प्रत्येक यंत्राच्या रिकाम्या आरसीएमधून त्या बॉक्सला एकेक केबल जोडायची. घ्यावा का? शुद्ध चांदी घ्यावी की मुलाम्याची चालेल? आणि एक मित्र म्हणतो, ऑडिओसाठी जमिनीत वेगळा अर्थ रॉड ठोक. त्याचं काय?

शांतरस
डोळे झाकून घ्या. दीड वर्षापूर्वी मी असाच बॉक्स लावला. पहिल्याच रेकॉर्डला वाटलं, कुणीतरी खोलीतला पंखा बंद केलाय. वाद्यांच्या मधली जागा काळीकुट्ट झाली, झांजेची शेपटी पार शेवटपर्यंत ऐकू यायला लागली. एका केबलने तुमची निम्मी घरघर गेली, म्हणजे तुमचा सेटअप ग्राउंडिंगचा भुकेला आहे. आणि चांदी म्हणजे चांदीच, मुलाम्यावर थांबू नका.

झटपट
एवढा उपद्व्याप कशाला? मोनोब्लॉकच्या प्लगातली अर्थची पिन काढून टाका. माझं हम त्याच दिवशी गेलं.

डाखवाला
आधी झटपटरावांचं, कारण त्यात जीव जाऊ शकतो. ती पिन परत लावा. आज लावा, उद्या नको.

तीस वर्षं ॲम्प दुरुस्त करतोय. अशीच पिन कापलेला एक ॲम्प एकदा टेबलावर आला होता. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं इन्सुलेशन आतल्या आत जळलेलं आणि डब्यावर पूर्ण २३० व्होल्ट. आवाज मात्र फर्स्टक्लास येत होता, म्हणून मालकाला पत्ताच नाही. एक दिवस एक हात डब्यावर आणि दुसरा टोनआर्मवर गेला. झटक्याने मागे फेकला गेला म्हणून वाचला. अर्थची पिन जागेवर असती तर त्या बिघाडाने फ्यूज उडाला असता, एवढंच झालं असतं.

वेगळ्या रॉडचंही तेच. घराच्या अर्थिंगला न जोडलेला रॉड म्हणजे ऑडिओपुरती वेगळी चूल. जमिनीत ठोकलेल्या एका रॉडला २० ओहम रोध असणं मुळीच नवल नाही. डब्यावर फेज आला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही. आरसीसीबी (करंट गळाला की पडणारा स्विच) नसेल तर डबा तसाच जिवंत राहतो. आणि जवळपास वीज पडली, की दोन अर्थांमध्ये जो फरक उभा राहतो तो तुमच्या आरसीए केबलमधून वाट काढतो. मातीत आवाजातला कचरा मुरत वगैरे नाही. बॅटरीवर चालणाऱ्या फोनला कुठे अर्थ असतो? तरी त्याच्या हेडफोनमध्ये घरघर नसते.

आता मुद्द्याचं. मंद्रषड्जराव, घरघर निम्मी झाली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ती चांदीमुळे झाली यावर नाही.

तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची वायर घेतली तर एका मीटरला साधारण १७ मिलिओहम पडतात. ४ चौरसला सव्वाचार. आणि चांदी तांब्यापेक्षा सरस किती? अवघी पाच-सहा टक्के. डेसिबलमध्ये सांगायचं तर अख्खी वायर शुद्ध चांदीची केली तरी अर्ध्या डेसिबलचा फरक. मुलाम्यात तोही नाही. निम्मी घरघर म्हणजे ६ डेसिबल किंवा जास्त. ते अर्ध्या डेसिबलच्या खिशातून निघत नाहीत.

आणि टर्नटेबलच्या ग्राउंड वायरचं काम तरी काय असतं? टोनआर्म आणि प्लेट हे धातूचे तुकडे. ते लोंबकळत राहिले की आजूबाजूच्या वायरिंगची वीज त्यांच्यावर हवेतून चढते आणि तिथून कार्ट्रिजच्या बारीक तारांवर उतरते. ही वीज फार दुबळी, मायक्रोअँपिअरच्या घरातली. तिला फोनोच्या डब्यापर्यंत नेऊन सोडायला सुतळीसारखी वायरसुद्धा ऐसपैस. मग जाड वायरने फरक का पडला? माझा अंदाज, जुनी वायर टोकाला नीट लागलेलीच नव्हती. नवी लावताना तुम्ही स्क्रू घट्ट आवळला असणार.

तुमचा तो झर्रर्र आणि घूं वेगळे ओळखलेत, शाबास. झर्रर्र म्हणजे १००, २००, ३०० हर्ट्झ आणि वर पसरलेली खरखर. ती बहुधा उघड्या धातूवरून येते, म्हणजे ग्राउंड कुठेतरी सुटलाय. निव्वळ गुळगुळीत ५० हर्ट्झचा घूं असेल तर बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजच्या कॉइलमध्ये घुसतंय. त्यावर जगातली कुठलीही ग्राउंड वायर चालत नाही.

सगळं बंद करून, प्लग भिंतीतून काढून, मल्टीमीटर रोधावर लावा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघा, ती स्वतःच ०.२-०.३ ओहम दाखवतात, तेवढे वजा धरायचे. मग एक टोक फोनोच्या ग्राउंड स्क्रूवर, दुसरं टोनआर्मच्या नळीवर. नंतर प्लेटवर. आकडे इथे टाका. कार्ट्रिजच्या चार पिनांना मात्र मल्टीमीटर लावू नका, मीटरचा करंट त्या केसासारख्या कॉइलना झेपेलच असं नाही.

शांतरस
डाखवाला, गणित मान्य. पण कान गणितावर चालत नाहीत. हाय फ्रिक्वेन्सीचा नॉइज बॉक्समध्ये जिरतो, तो तुमच्या मल्टीमीटरला दिसणारच नाही.

डाखवाला
मल्टीमीटरला दिसणार नाही, हे बरोबर. पण हाय फ्रिक्वेन्सीतच तर केबलची खरी पंचाईत होते. एक मीटर सरळ वायर म्हणजे ढोबळमानाने १ मायक्रोहेन्री. १० मेगाहर्ट्झला तिचा अडथळा ६३ ओहम. तांबं असो, चांदी असो, सोनं असो. जाडी वाढवून किंचित कमी होतो, लांबी कमी करून खरा कमी होतो. आणि करंटला परतीची वाट लागते. एका वायरच्या टोकाला डबा टांगला तर करंट तिथे जाऊन बसत नाही, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा.

तुम्हाला फरक ऐकू आला हे मी खोटं म्हणत नाही. रिकाम्या आरसीएला सहा केबल एका ठिकाणी जोडल्या की सगळे डबे एकमेकांना जाड तांब्याने बांधले जातात. त्याने खरोखर फरक पडू शकतो. तेच काम बॉक्सशिवाय, एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत वीतभर वायर टाकूनही होतं. का होतं ते पुढे लिहितो, आधी यांचे आकडे येऊ देत.

मंद्रषड्ज
डाखवाला, तुमच्या तोंडात साखर. पण आधी थोडी माझी फजिती.

मीटरची टोकं टेकवली, ०.२ ओहम. टोनआर्मची नळी ते फोनोचा स्क्रू, ०.५. म्हणजे ठीक. आता प्लेट. पहिल्यांदा ओएल, म्हणजे जोडणीच नाही. टोक जोरात दाबलं तरी ओएल. मला वाटलं मीटरची बॅटरी गेली. प्लेटखालच्या ज्या स्क्रूला ती ग्राउंड केबल जोडलीय त्या स्क्रूच्या डोक्यावर टोक ठेवलं तर ०.४. स्क्रूपासून बोटभर अंतरावर प्लेटवर ठेवलं तर ओएल!

मग डोक्यात प्रकाश पडला. प्लेट चंदेरी दिसते, पण तो रंग ॲनोडायझिंगचा आहे. प्लेटच्या कडेला, दिसणार नाही अशा ठिकाणी, सुईने ओरखडा काढला आणि तिथे टोक ठेवलं. आकडा नाचायला लागला. ३० ओहम, ४००, दोन हजार, परत ३०. केबल हलवली की बदलतो. म्हणजे लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) प्लेटला भिडलेलाच नव्हता. स्क्रूच्या आट्यांमधून जो काही चोरटा संपर्क होत होता तेवढाच.

तुमचा तर्क बरोबर निघाला, नवी केबल लावताना मी स्क्रू चांगला पिळला होता. त्याने आटे जरा चावले असणार.

काल रात्री लग काढला. लगखालची नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने घासली. ॲनोडायझिंग भलतंच चिवट, दहा मिनिटं गेली, बोट हुळहुळं झालं. खालून पांढरट धातू दिसल्यावर दातेरी वॉशर टाकून आवळला. प्लेट ते फोनो ०.३, म्हणजे टोकांचे ०.२ वजा केले तर ०.१.

झर्रर्र पूर्ण गेला. कान स्पीकरच्या जाळीला लावला तरी नाही.

मग खाज आली. जुनी सुतळी वायर शोधून काढली, तिच्या टोकाला नवा लग क्रिंप करून डाख दिला आणि मुलीला टर्नटेबलच्या मागे बसवलं. तिने नाणं उडवून मनाला येईल तशी चांदीची किंवा सुतळी लावायची, मी भिंतीकडे तोंड करून ओळखायचं. दहापैकी सहा बरोबर. मुलगी म्हणाली, बाबा, नाण्यालाच विचारायचं होतं.

घूं मात्र आहे. थोडासाच, डावीकडे जास्त. गंमत म्हणजे टोनआर्म रेकॉर्डच्या मधल्या लेबलकडे नेला की कमी होतो, बाहेर आणला की वाढतो. आता?

डाखवाला
नळीला आधीपासून ०.५ मिळत होते म्हणजे आर्मची वायर वेगळी गेलीय, फक्त प्लेट अधांतरी होती. एवढी मोठी प्लेट कार्ट्रिजच्या वीतभर खाली, म्हणजे अँटेनाच की. ॲनोडायझिंग हा ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, पक्का इन्सुलेटर. दिसायला धातू, वागायला चिनी मातीची बशी. पावडर कोटिंगच्या डब्यांतही हेच होतं. घासलेल्या जागेवर हलकं व्हॅसलीन लावून ठेवा, हवा लागून परत थर चढायला नको.

आर्म हलवल्यावर घूं बदलतो म्हटल्यावर निदान झालं. ते ग्राउंडचं नाहीच, चुंबकाचं आहे. उजवीकडे टर्नटेबलला चिकटून काय ठेवलंय? फोनोचा पॉवर सप्लाय? छोट्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराच्या घनाने पडतं. अंतर दुप्पट केलंत की आठवा भाग. डबा हातात धरून (प्लग चालू, रेकॉर्ड बंद, व्हॉल्यूम बेताने) हळूहळू लांब न्या आणि ऐका. जागच्या जागी फिरवूनही बघा, कधी कधी नुसता ९० अंशात वळवला तरी फरक पडतो.

आता ते राहिलेलं, डबे एकमेकांना बांधण्याचं. जाड वायर जिथे खरोखर कामाची आहे ती ही एकच जागा.

बऱ्याच यंत्रांच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सपासून डब्याकडे छोटे कपॅसिटर असतात, नॉइज दाबायला. २.२ नॅनोफॅरडचा असला तर २३० व्होल्टला त्यातून ०.१६ मिलिअँपिअर गळतो. दोन पिनी प्लगच्या यंत्रात तो करंट अर्थमधून जाऊ शकत नाही, मग तो आरसीएच्या शिल्डमधून शेजारच्या डब्यात उतरतो. शिल्ड आणि दोन्ही टोकांचे संपर्क मिळून ०.१ ओहम धरा, करंट सोयीसाठी ०.१ मिलिअँपिअर धरा. १० मायक्रोव्होल्ट झाले. हे १० मायक्रोव्होल्ट सिग्नलमध्येच मिसळतात, कारण आरसीएत शिल्ड हाच सिग्नलचा परतीचा रस्ता.

डॅकच्या २ व्होल्टपुढे १० मायक्रोव्होल्ट १०६ डेसिबल खाली, कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही. फोनोच्या आउटपुटलाही फारसं बिघडत नाही. पण तुमच्या ०.४ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजपुढे ते फक्त ३२ डेसिबल खाली! वर आरआयएए (रेकॉर्डसाठी फोनो स्टेजमध्ये असलेली ठरलेली दुरुस्ती, खालचे सूर उचलणारी) ५० हर्ट्झला एक किलोहर्ट्झपेक्षा १७ डेसिबल जास्त उचलतो. म्हणून डॅक चिडीचूप आणि फोनो रडका. सिस्टिम तीच, करंटही तोच, फक्त तो कुठून वाहतो त्याने सगळं ठरतं.

अशा वेळी शिल्डला समांतर एक जाड, आखूड वायर डब्यापासून डब्यापर्यंत टाकली तर बहुतेक करंट तिकडून जातो. शिल्डच्या ०.१ ओहमशेजारी वायर आणि तिचे संपर्क मिळून ०.०१ ओहमची वाट दिली तर शिल्डमध्ये अकरावा हिस्सा उरतो, म्हणजे जवळजवळ २१ डेसिबलची सुटका. त्यासाठी साधी तांब्याची ४ चौरसची वायर पुष्कळ. दोन्ही टोकांना नीट क्रिंप केलेले लग, डब्याच्या स्क्रूखालचा रंग घासलेला. तुमची चांदीची केबल टर्नटेबलवर वाया जातेय, ती फोनो आणि प्रीॲम्पच्या मध्ये टाका. एवढीच लावा आणि ऐका. कधी एखादं बांधकाम नवा लूपही तयार करतं, म्हणून एकावेळी एकच बदल.

एक्सएलआरच्या बाजूला काही करू नका. बॅलन्स्डमध्ये शिल्ड सिग्नल वाहत नाही. फक्त यंत्राच्या आत पिन १ डब्याला जोडलेली हवी, सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला नव्हे. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ‘पिन १ प्रॉब्लेम’ म्हणून हेच दाखवून दिलं. त्यावर पुढे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस ४८ हे स्टँडर्ड आलं. तरी अजून चुकीचे जोडलेले ॲम्प माझ्या टेबलावर येतात.

मंद्रषड्ज
पॉवर सप्लाय टर्नटेबलच्या उजव्या बाजूला, चार बोटांवर होता. केबल लांब होती म्हणून खालच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात नेला. घूं गेला म्हणावं इतपत गेला. काटा तीनवर नेला तर आहे, पण तीनवर मी काही ऐकत नाही, शेजारी ऐकतील.

चांदीची केबल फोनो ते प्रीॲम्प लावली. फरक मला तरी कळला नाही. फोनोला तीन पिनी प्लग आहे, त्यामुळे गळणारा करंट तसाही तिकडूनच जात असावा. बरोबर ना? बॉक्सची ऑर्डर दिली नव्हती, ती देत नाही.

डाखवाला
बरोबर. राहू दे ती तिथेच, दिसायला छान आहे.

झटपट
पिन लावली. हम परत आलं.

डाखवाला
येणारच, ते आधीही होतंच. तुमच्या सिस्टिमला टीव्हीची किंवा डिशची कोॲक्स जोडलीय का? ती एकटी काढून बघा. हम गेलं तर त्या कोॲक्समध्ये आयसोलेटर टाका आणि वेगळा धागा काढा, तिथे बोलू. पिनेला हात लावायचा नाही.

शांतरस
बॉक्स मी काढणार नाही, आधीच सांगतो. पण आज सहज म्हणून माझ्या टर्नटेबलच्या प्लेटवर मीटर लावलं. ओएल. पॉलिश पेपर किती नंबरचा घ्यायचा?

मंद्रषड्ज
मी ४०० नंबरचा वापरला. २४० ने लवकर झालं असतं. आणि भुसा नीट पुसा, कार्ट्रिजच्या आसपास उडू देऊ नका, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही पण आर्मच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसेल. प्लेट सुटी करून घासलेली बरी.

एक शेवटची शंका, डाखवाला. स्ट्रीमरला शिल्डवाली इथरनेट केबल आहे, दोन्ही टोकांना धातूचे कनेक्टर. ती राऊटरचा ग्राउंड माझ्या डॅकपर्यंत आणत असेल का?

डाखवाला
आणते. इथरनेटच्या पोर्टमध्ये आतले ट्रान्सफॉर्मर सिग्नल वेगळा ठेवतात, पण शिल्ड त्यांना वळसा घालून थेट डब्याला भिडते. घरातल्या अंतराला साधी यूटीपी (बिनशिल्डची) लावा, प्लास्टिकच्या कनेक्टरची. राऊटरबरोबर पिशवीत आली असेल तीच.